साथीचे दिवस, शिलाईचा कारखाना आणि हजेरीची वही
(समाजाच्या वार्षिक संमेलनात नांदेड येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, त्याबरोबर विषय निवडण्याची मोकळीकही दिली. निवृत्त शिक्षकाने अशा प्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक करावे किंवा श्रीनामदेवरायांच्या चरित्रावर निरूपण करावे, अशीच आपली अपेक्षा असणार. ती दोन्ही कामे माझ्यापेक्षा अधिकारी माणसे आज करणार आहेत. मी एक रूक्ष विषय घेऊन उभा आहे. साथीच्या रोगाच्या काळात शिलाईचा कारखाना चालविणाऱ्या मालकावर आपल्या कारागिरांसंबंधी कोणती जबाबदारी येते, कायदा तीविषयी काय म्हणतो, आणि आपण ती कितपत पार पाडली, हा तो विषय होय.

प्रारंभीच सांगतो की मी वकील नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; पुढे अध्यापनाची पदविका घेतली आणि सारी हयात मुलांस बाराखडी व त्रैराशिक शिकविण्यात गेली. परंतु माझे वडील शिंपीकाम करीत. काज करणे, तुरपाई घालणे आणि पायमशीनचा पट्टा चढविणे ही कामे मी अक्षरओळखीच्या आधी शिकलो. म्हणून कायद्याच्या बाबतीत जे वाचून पडताळता आले तेवढेच बोलेन, आणि कारखान्याच्या बाबतीत जे डोळ्यांनी पाहिले ते बोलेन.

ह्या विषयाकडे मी वळलो त्याला एक कारण घडले. ते लपवून ठेवून पुढचे सांगितले तर माझे बोलणे पोकळ ठरेल. आमच्या नात्यातील एका गृहस्थांचा शिलाईचा कारखाना आहे. गावाचे व गृहस्थांचे नाव मी घेत नाही. त्यांच्यासारखे आपल्यांत पुष्कळ आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी तेथे जाऊन मी त्यांचे हिशेब लिहून देत असे. कारखान्यात सात यंत्रे, म्हणजे यंत्रावर बसणारे सात जण. शिवाय एक बेतणारा, एक इस्त्रीवाला आणि काज-बटण करणारी एक बाई. मोजली तर दहा माणसे. हजेरीच्या वहीत मात्र नावे चारच. बाकीचे कोण? तर एक पुतण्या, एक मेहुण्यांचा मुलगा, दोन गावाकडचे भाऊबंद, आणि असेच आणखी कोणी. 'घरचीच माणसे आहेत मास्तर, त्यांची कसली हजेरी मांडता?' असे मालक म्हणत, आणि मीही मान डोलवीत असे. बेतणारा होता तो पुतण्या. त्याला दरमहा मिळणारी रक्कम मी स्वतःच्या हाताने, मालकांच्या सांगण्यावरून, रोजकीर्दीत 'घरखर्च' ह्या सदराखाली लिहीत असे.

इसवी सन २०२१ च्या एप्रिल महिन्यात, दुसऱ्या लाटेत, तो पुतण्या गेला. वय बेचाळीस. मागे पत्नी आणि दोन मुले. मालकांनी काही महिने त्याच्या घरी पैसे पाठविले, आणि ते आपलेपणाने पाठविले हे मी साक्षीने सांगतो. पुढे धंदा बसला, पैसे थांबले, आणि मग त्या बाईने विचारले की माझ्या यजमानांचे दोन महिन्यांचे राहिलेले वेतन व सतरा वर्षांच्या चाकरीचे काही देणे निघते काय. नात्यातील चार मंडळी बसली. मला हिशेबनीस म्हणून बोलावणे झाले. वही उघडली तर तिच्यात त्या माणसाचे नाव कोठेच नाही. सतरा वर्षे त्या टेबलावर कापड कापणारा मनुष्य कागदोपत्री तेथे कधी आलाच नव्हता. ती वही माझ्या अक्षरातली होती. त्या बैठकीत मला जे वाटले ते येथे सांगत बसत नाही.

शासनाकडून तिला पन्नास हजार रुपये मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी दिलेल्या निर्णयानंतर कोविडने मृत्यू पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास जे साहाय्य ठरले, ते हे. त्यासाठी मालकाच्या वहीची गरज नव्हती, इस्पितळाचा व मृत्यूच्या नोंदीचा कागद पुरेसा होता, म्हणून ते मिळाले. ज्या ज्या ठिकाणी मालकाचा कागद लागत होता तेथे काही मिळाले नाही.

ते काय मिळू शकत होते, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. राज्य विमा योजना जेथे लागू होती तेथे दहा माणसांच्या कारखान्यातील, दरमहा एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगारास तिचे संरक्षण होते. ह्या योजनेने २४ मार्च २०२० पासून दोन वर्षांसाठी कोविडची एक खास सवलत दिली. रोगाचे निदान होण्यापूर्वी किमान तीन महिने नाव नोंदलेले असावे, आणि मागील वर्षात निदान सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली असावी. एवढे असले म्हणजे मृताच्या आश्रितांस त्याच्या सरासरी रोजच्या वेतनाच्या नव्वद टक्के इतके निवृत्तिवेतन, ते दरमहा अठराशे रुपयांहून कमी नाही. ह्यात एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. रोग कामावर जडला की घरी, की बाजारात भाजी घेताना, हे ती योजना विचारीत नव्हती. १९२३ च्या भरपाईच्या जुन्या कायद्यात हाच प्रश्न आडवा येत असे. रोग धंद्यातून जडला हे दाखवावे लागे, आणि साथ गावभर पसरली असता ते दाखविणार कसे? वीस वा त्याहून अधिक माणसांच्या कारखान्यांत भविष्यनिधीला जोडलेला विमाही होता. त्याची कमाल मर्यादा २०२१ च्या एप्रिलमध्ये सात लाखांवर गेली. आमच्या त्या गावी राज्य विमा योजना लागू होती की नव्हती, हा प्रश्न विचारण्याइतपतही आम्ही पुढे गेलो नाही. विचारणार कशाच्या आधारावर? दहा माणसे कारखान्यात होती, वहीत नव्हती.

आता थोडे मागे जातो. साथीचा कायदा आपल्याकडे जन्मला तो मुंबईच्या प्लेगमुळे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस ह्यांनी तो रोग ओळखला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा अमलात आला. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात, म्हणून तो इंग्रजी कायदा तेव्हा आपल्याला थेट लागू नव्हता. पण पुढे स्वतंत्र भारतात तोच आपल्या वाट्याला आला, आणि २०२० मध्ये १३ मार्चला आपल्या राज्य सरकारने तोच बाहेर काढला. अवघ्या चार-पाच कलमांचा कायदा. सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार, न ऐकणाऱ्यास शिक्षा, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण, असे तीन विषय त्यात आहेत. काम बंद झाल्यावर मजुराने काय खावे ह्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. तो अमलात येऊन पाच आठवडे होतात तोच, १० मार्च १८९७ ला, पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने निवर्तल्या. शिक्षकाच्या तोंडून हा उल्लेख आल्यावाचून राहणार नाही, म्हणून केला.

त्या प्लेगची एक हकीकत मात्र मालकवर्गाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी केलेल्या कामाचा पगार कित्येक आठवडे अडकवून ठेवण्याची रीत होती. माणूस सोडून जाऊ नये हा त्यातला हेतू. प्लेग आला आणि कामगार हजारोंनी कोकणात व घाटावर निघून गेले. मग जे उरले त्यांना राखण्यासाठी त्याच मालकांना रोजचा पगार रोज मोजून द्यावा लागला, आणि माणसे मिळविण्यासाठी रस्त्याच्या नाक्यांवर एकमेकांशी चढाओढ करावी लागली. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेस प्लेगची हाकाटी झाली तेव्हाही कापडाचे व हिऱ्यांचे कारागीर लाखांनी पळाले. त्यापूर्वी थोडेच दिवस, ऑगस्टमध्ये, आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग दिसला होता, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांस आठवत असेल.

२०२० कडे येतो. २५ मार्चपासून टाळेबंदी. आपल्या धंद्याला ह्याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. चैत्र-वैशाखाची लग्नसराई आणि त्यानंतर जूनमधील शाळांचे गणवेश ह्या दोन हंगामांवर शिंप्याचे वर्ष उभे असते, आणि दोन्ही बुडाले. लातूरच्या गंजगोलाईत ऐन लग्नसराईत दुकानांच्या फळ्या बंद असलेल्या मी माझ्या आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. इकडे नांदेडात हुजूर साहिबच्या दर्शनास आलेले चारेक हजार यात्रेकरू महिनाभर अडकून पडले होते. सारेच जेथल्या तेथे थांबले होते.

अशा वेळी २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाचा हुकूम निघाला. त्यात म्हटले होते की उद्योग असो, दुकान असो वा व्यापारी संस्था असो, प्रत्येक मालकाने बंदच्या काळातले वेतन ठरल्या दिवशी, काही न कापता, कामगारास द्यावे. घरमालकांनी कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये, असेही होते. १७ मेच्या आदेशाने हा हुकूम मागे घेतला गेला आणि १८ मेपासून तो उरला नाही. म्हणजे हिशेब केला तर तो बरोबर पन्नास दिवस जिवंत होता.

ह्या पन्नास दिवसांत आपल्या मराठवाड्यातच दोन निवाडे झाले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) खंडपीठासमोर काही कारखानदार गेले. ३० एप्रिलला न्यायमूर्ती घुगे ह्यांनी सांगितले की जेवणाचा व येण्याजाण्याचा भत्ता वगळून पूर्ण वेतन द्या. मात्र जेथे टाळेबंदी उठली आहे तेथे कामगार आपणहून येत नसेल तर मालकास वेतन कापता येईल. पुढे १२ मेचा निवाडा आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण तो तुळजापूरच्या श्रीभवानीच्या मंदिरात कंत्राटी पद्धतीने पहारा व स्वच्छता करणाऱ्या माणसांचा. मंदिर बंद, तेव्हा काम नाही; काम नाही तर वेतन कसले, असा तो प्रश्न. न्यायालयाने म्हटले की 'काम नाही तर दाम नाही' हे तत्त्व अशा असाधारण प्रसंगी लावता येत नाही. हे लोक काम करावयास तयार होते. मार्च ते मे ह्या तिन्ही महिन्यांचे वेतन, ते दोन भत्ते सोडून, द्यावे असे ठरले. ह्याच्या चार दिवस आधी, ८ मेच्या पहाटे, जालन्याच्या पोलादी कारखान्यातले, काम बंद पडल्यावर मध्यप्रदेशातील आपल्या गावी पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ लोहमार्गावर झोपेतच मालगाडीखाली सापडले होते. न्यायालयाच्या मनात काय होते ते मी सांगू शकत नाही. आमच्या घरी मात्र त्या दिवशी कोणी जेवले नाही.

दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १२ जूनला मधला मार्ग सांगितला. त्या पन्नास दिवसांच्या वेतनाबद्दल मालकावर सक्तीची कारवाई तूर्त करू नये; मालक व कामगार ह्यांनी आपसांत बोलून तडजोड करावी, न जमल्यास कामगार खात्याची मदत घ्यावी. मोठ्या गिरणीत जेथे संघटना आहे, वही आहे, महिन्याचा पगार ठरलेला आहे, तेथे अशी तडजोड होऊ शकते. आपल्या कारखान्यात काय होते? आपल्याकडे काम नगावर चालते. शर्टाचा अमुक, पँटचा तमुक. बंदच्या काळात नग शून्य, म्हणून मजुरी शून्य, असा मालकाचा हिशेब; आणि मी वर्षभर तुमच्याच यंत्रावर बसतो, तर मग मी नोकर नव्हे तर कोण, असा कारागिराचा सवाल. दोघेही आपापल्या जागी खोटे नव्हते. मागील वर्षाचे नग लिहिलेले असते तर सरासरी काढता आली असती, आणि तडजोडीस काही पाया मिळाला असता. ते लिहिलेले कोणाकडे होते?

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण बोलतो. त्या दिवसांत आपल्या पुष्कळ मालकांनी कारागिरांच्या घरी धान्य पाठविले, हातावर दोन-तीन हजार ठेवले. ह्याचा समाजाने अभिमान बाळगावा. परंतु त्यातील कित्येकांनी ती रक्कम वहीत 'उचल' म्हणून मांडली आणि दिवाळीनंतर मजुरीतून थोडी थोडी वळती करून घेतली. देतेवेळी तोंडाने काय म्हटले होते? 'घे रे, घर चालव.' कारागिराला वाटले मदत मिळाली. मालकाला वाटले कर्ज दिले. हुकूमाच्या भाषेत ते वेतन होते, आणि वेतन उचल म्हणून परत घेता येत नाही. एकाच नोटेची तीन नावे. ह्यावरून आपल्या समाजात भावाभावांत अबोला झालेली दोन घरे मला ठाऊक आहेत.

आता रोगापासून बचाव, म्हणजे कारखान्याच्या आतली गोष्ट. १५ एप्रिल २०२० च्या सूचनांत कामाच्या जागेसाठी नियम दिले होते. येणाऱ्याचा ताप पाहावा, हात धुण्याची सोय करावी, पाळ्यांमध्ये एक तासाचे अंतर ठेवावे, जेवणाच्या सुट्या निरनिराळ्या वेळी द्याव्यात, थुंकण्यास व तंबाखू-गुटख्यास मनाई असावी, कामगारांचा वैद्यकीय विमा काढावा. हे नियम मोठ्या कारखान्याकडे पाहून केलेले होते. शिंप्याच्या खोलीकडे पाहून नियम केले असते तर ते निराळे झाले असते. आपल्यापैकी यंत्रावर बसलेला प्रत्येकजण जाणतो की सुईत ओवण्यापूर्वी दोऱ्याचे टोक आपण ओठांत धरून ओले करतो. दोरा दातांनी तोडतो. टाचण्या ओठांत धरून ठेवतो. माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ आपले तोंड जाते, आणि तोच टेप गळ्यात अडकवून आपण दुसऱ्याच्या गळ्याभोवती फिरवितो. माठ एक, त्यावरचा पेला एक. यंत्रे समोरासमोर, कारण मधल्या एका दिव्याखाली दोघांचे भागते. आणि कापडाचे तंतू उडू नयेत, पांढऱ्या मालावर धूळ बसू नये, म्हणून खिडक्या बंद.

माझे मत विचाराल तर आपण बाटली व तापमापक ह्यांना नको इतके महत्त्व दिले आणि खिडकीला फारच थोडे. हा रोग मुख्यतः श्वासाने, कोंडलेल्या हवेतून पसरतो, हे जाणकारांनी पुढे स्पष्ट केले. दाराशी द्राव चोळून आत बंद खोलीत दहा जण दहा तास बसले तर चोळण्याचा उपयोग किती? त्या द्रावाचा आणखी एक धोका कोणी सांगितला नव्हता. तो मद्यार्काचा असतो आणि चट्कन पेट घेतो. तापलेली इस्त्री, खाली चिंध्या व तंतूंचा ढीग, आणि शेजारच्या फळीवर त्याची पाच लिटरची डबी, हे दृश्य मी एका कारखान्यात पाहिले आणि मालकास ती डबी बाहेर न्यावयास लावली. साबण व पाणी त्याहून स्वस्त आणि निर्धोक. दोरा ओवण्यासाठी चार-सहा रुपयांचे तारेचे छोटे साधन मिळते. प्रत्येक यंत्रावर ते एक व कात्री एक दिली म्हणजे तोंडाचे काम राहत नाही. टाचण्यांसाठी मनगटावर बांधावयाची गादी तर आपल्या बायका फावल्या वेळात शिवून देतील. जुन्या मंडळींना हे हास्यास्पद वाटेल. वडिलांनी मला दोरा दातांनी तोडावयासच शिकविले होते.

कापडी मुखपट्ट्या शिवण्याचे काम मिळाले, त्यावर कित्येकांचे घर त्या उन्हाळ्यात चालले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० रोजी तीन पदरांची पट्टी असावी असे सांगितले, तोवर आपण दोन पदरांच्या व काही ठिकाणी एकाच पदराच्या हजारो शिवून मोकळे झालो होतो. गंमत अशी की दिवसभर मुखपट्ट्या शिवणाऱ्या कारागिराच्या तोंडावर मात्र पट्टी नसे. उकाडा, इस्त्रीची वाफ आणि बंद खिडकी. त्याला दोष देऊन भागणार नाही. खिडकी उघडली असती तर त्याने ती बांधली असती.

मालकांच्या मनात त्या काळी एक भीती बसली होती, तीही आता फेडून टाकतो. एखादा कारागीर बाधित निघाला तर मालकावर फौजदारी होते आणि कारखान्यास कुलूप लागते, असे सर्वत्र बोलले जाई. त्यामुळे ताप आलेल्या माणसास 'कोणाला सांगू नकोस, चार दिवस घरी बस' असे म्हणण्याची प्रवृत्ती झाली, आणि त्यानेच रोग पसरला. वस्तुतः २३ एप्रिल २०२० रोजीच केंद्रीय गृहसचिवांनी राज्यांस लिहून कळविले होते की केवळ कामगार बाधित निघाला म्हणून मालकास शिक्षा होणार नाही. त्याची संमती, जाणीव वा हलगर्जी असेल तरच कारवाई. म्हणजे लपविणारा मालक गुन्ह्याच्या जवळ जात होता, सांगणारा नव्हे. ही बातमी आपल्यापर्यंत पोहोचली नाही. समाजाच्या मासिक बैठका त्या वेळी बंद होत्या हे खरे. पण दूरध्वनीवर निरोप तर चालू होते, आणि त्यांतून काढ्यांच्या पाककृती मात्र घरोघर पोहोचल्या.

आजची स्थिती थोडक्यात सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांविषयीचे पूर्वीचे एकोणतीस कायदे जाऊन चार संहिता अमलात आल्या. लहान कारखान्यास त्यांतील सर्व कलमे लागू होत नाहीत. किती माणसांस कोणते कलम लागते हे प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कामगार अधिकाऱ्यास विचारून घ्यावे. तरी तीन गोष्टी आपल्या कामाच्या. किमान वेतनाचे संरक्षण आता प्रत्येक धंद्यात आहे, आणि नगावरच्या कारागिरासही ते आहे. कामावर घेतलेल्यास नियुक्तिपत्र द्यावे असा आग्रह आहे. आणि दहाहून कमी माणसे असली तरी मालक व बहुसंख्य कामगार ह्यांची संमती असेल तर विमा योजनेत आपणहून सामील होता येते. ह्याखेरीज जे कारागीर कोणत्याच योजनेत नाहीत, त्यांच्यासाठी २६ ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रमची नोंदणी आहे. वय सोळा ते एकोणसाठ, आधार कार्ड लागते, खर्च नाही.

'घरचा माणूस' ह्या शब्दाबद्दल मात्र थोडे अधिक बोलावयास हवे. आपल्या राज्याचा दुकानांविषयीचा १९४८ चा जुना कायदा होता, त्यात मालकाचे कुटुंबीय म्हणजे कोण हे सांगितले होते: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, बाप, भाऊ, बहीण, आणि तेही मालकाजवळ राहणारे व त्याच्यावर अवलंबून असलेले. पुतण्या त्यात नाही. भाचा नाही. मेहुण्याचा मुलगा नाही. आपण ज्याला प्रेमाने घरचा म्हणतो त्याला कायदा सत्तर वर्षांपूर्वीसुद्धा नोकरच मानीत होता, आणि त्याचे हक्क त्याला देत होता. ते त्याच्यापर्यंत जाऊ दिले नाहीत ते आपल्या आपुलकीने. मालकांवर मी आरोप करीत नाही. त्यांतले बहुतेक स्वतः कोणाच्या तरी कारखान्यात घरचा माणूस म्हणूनच वाढले, आणि त्यांची नावेही कोणी लिहिली नव्हती. कारागिरांनाही नाव लिहिलेले नको असते. रेशनचे कार्ड बदलेल, काही कापले जाईल, अशी त्यांची समजूत. माझ्या त्या नातलगांच्या कारखान्यात आज दहाही नावे वहीत आहेत. मयताचा थोरला मुलगा काजाच्या यंत्रावर बसतो. पहिल्या महिन्यात त्याने सही करावयास नकार दिला, 'काकांना अविश्वास वाटेल' म्हणून. काकांनीच त्याच्या हातात लेखणी दिली. राहिलेल्या दोन महिन्यांचे वेतन बाईला मिळाले, ते चार मंडळींच्या शब्दावर. सतरा वर्षांच्या चाकरीचा हिशेब अजून झालेला नाही. तो व्हावा असे मी त्यांच्या तोंडावर म्हटले आहे आणि येथेही म्हणतो. ते आज समोर बसले आहेत, आणि त्यांच्या परवानगीनेच मी ही हकीकत सांगितली.

आता कामाचे बोलून आपली रजा घेतो. हजेरीपत्रक, नगांची नोंद, उचलीचे वेगळे पान आणि साधे नियुक्तिपत्र ह्यांचे नमुने मी मराठीत तयार केले आहेत. प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. उचलीच्या पानावर देणाऱ्याची व घेणाऱ्याची अशा दोन सह्यांच्या जागा आहेत, आणि 'परत करावयाची' की 'परत न करावयाची' ह्यांपैकी एक खोडावयाचे आहे. तेवढे मात्र पैसे देतेवेळीच खोडावे. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी पुढील तीन महिने दर रविवारी सकाळी नऊ ते बारा मी समाजाच्या कार्यालयात बसेन. लातूरकडील मंडळींसाठी महिन्याचा दुसरा रविवार तेथे येईन. जागा कळविण्यात येईल. येताना प्रत्येक कारागिराचे पूर्ण नाव, वय, कामास लागल्याचे वर्ष आणि त्याचा दर एवढे एका कागदावर आणावे. कारागिराला बरोबर आणल्यास उत्तम.